कळंबाखालचा उतार

"पुढच्यानं नकाशा वाचायचा, आरडून सांगायचं, मान वळवायची न्हाय. मागच्यानं ऐकायचं आणि होडी वळवायची. भांडणं काठावर आल्यावर!" मारुतीराव सरांनी शिट्टी फुंकली. सौरव आणि पूर्णिमाची होडी मलप्रभेत सरकली, तसे सर स्कूटरवरून पुढच्या उताराकडे, होडी काठाला लावायच्या जागी, निघाले.

गाइडच्या प्रशिक्षणाची आज शेवटची परीक्षा. पुढे पूर्णिमा, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत नकाशा. मागे सौरव. दोघांनी मिळून पर्यटकांना नदी दाखवायची, असं कधीचं ठरलं होतं. त्याहून मोठं, लग्नाचं, जे ठरलं होतं ते दोघं घरी बोलले आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. दोन्ही घरांचं देवक कळंब. देवक एक म्हणजे दोघं भाऊ-बहीण, विषय संपला. पूर्णिमाचे आप्पा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कडोलीचं स्थळ पाहून लग्नाची तारीखही धरली.

वल्ही पडत होती. सौरवला तिची पाठ दिसत होती, वेणी दिसत होती. चेहरा तेवढा दिसत नव्हता.

"पुर्णे," तो म्हणाला, "म्होरं बेट हाय. डावीकडनं गेलं की कळंबाखालचा उतार. तिथं सर असतील. उजवीकडनं गेलं की पूल. पुलाखाली गाडी लावून आलोय मी."

ती वल्हवत राहिली.

"नकाशा तुझ्या हातात हाय. तू उजवी म्हण, मी उजवी वळवतो. आज न्हाय तर मग कवाच न्हाय."

मग ती मान न वळवता म्हणाली, "माझ्या पाठीवर दिपाली हाय रं. मी पळाले तर तिला कोण करून घेईल?"

सौरवला स्वतःलाच दोन बहिणी.

नदी वळेल तसा नकाशाही फिरवायचा, जिकडं जायचं ते वर आलं पाहिजे, हे सरांनी पहिल्याच दिवशी घोकवून घेतलं होतं. बेट जवळ आलं, पाणी दोन्हीकडे फुटायला लागलं आणि पूर्णिमाचं वल्हं थांबलं. सौरवचा सगळा जीव तिच्या हातांत गोळा झाला. नकाशा तिच्या मांडीवर फिरू लागला. हळूहळू उजवीकडचा पूल वर आला. तिच्या खांद्यावरून त्यानं डोळ्यांनी पाहिलं. वेड्यासारखा हसला तो, वल्हं पाण्यात घातलंसुद्धा.

नकाशा पुन्हा फिरला.

"डावी!" ती ओरडली.

त्याचं काळीज तुटलं. पण होडी शेवटी मागच्याच्या हातात असते. पुढच्यानं काही सांगो, मागून एक जोराचा फटका मारला की नाक उजवीकडे. त्याला ते येत होतं. वल्हं तसंच धरून तो बसला. धार होडीला बेटाकडे ओढत होती.

"डावी, सौरव," ती म्हणाली. ह्या वेळी अगदी हळू, परीक्षेत म्हणतात तसं नाही.

त्यानं वल्हं रोवलं आणि होडी डावीकडे घेतली. इतक्या दिवसांत एवढं सफाईदार वळण त्याला कधी जमलं नव्हतं.

उतारावर सर टाळ्या वाजवत उभेच होते. आधी आलेल्या पोरांना ते ओरडून सांगत होते, "बघा रं! जोडी म्हणत्यात ती ह्याला!"

पूर्णिमा घोटाभर पाण्यात उतरली. नकाशा सरांच्या हातात दिला. काठावर पाण्यावर झुकलेला जुना कळंब होता. तिनं चपला काढल्या आणि झाडापुढे हात जोडले. देवक दिसलं की जोडायचे, हे तिला लहानपणीच शिकवलेलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

सौरव होडीची दोरी धरून पाण्यातच उभा होता. तोही त्याच सवयीत वाढलेला. त्याचे हात कधी जोडले गेले, त्यालाच कळलं नाही.

"आरं सौरव, होडी! होडी धर!" सर ओरडले.

दोरी केव्हाच सुटली होती. रिकामी होडी धारेला लागली होती.