ओठाचा डावा कोपरा

चित्रकलेच्या वर्गात सर मॉडेलच्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "आज मला काढा." शब्द जड होते, एकेक ओढून आणावा लागत होता. पण वर्गाला ते नीट कळले.

आजारपणाने सरांचा अर्धा चेहरा खाली ओढला होता. डावी पापणी उतरलेली आणि ओठाचा डावा कोपरा तर पार ढळलेला. इतक्या महिन्यांनी ते कॉलेजात आले होते, तेही एका तासापुरते. "जमलं तर राहतो, नाहीतर राजीनामा देतो," असं त्यांनी प्राचार्यांना बंद दाराआड सांगितलं होतं, म्हणजे एव्हाना ते सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. दाराशी स्टुलावर सरांची बायको बसली होती. मुलं तिला काकू म्हणत. मांडीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली, आणि नवरा जरा थकला की घरी न्यायची पूर्ण तयारी.

मुलांनी कागद लावलेले ईझल सरांच्या दिशेने वळवले. खिडकीजवळच्या ईझलवर एक मुलगी होती. सतत खोडते म्हणून वर्ग तिला खोडरबर म्हणायचा. आज मात्र तिला पहिली रेघच सुचेना.

या मुलीचं सरांवर फार प्रेम होतं, आणि का नसावं? ती कॉलेजात आली तेव्हा तिने काढलेल्या प्लॅस्टरच्या पुतळ्याच्या डोक्याला कपाळच नव्हतं. सगळे नवशिके हेच करतात. डोळे, नाक, तोंड ऐसपैस मांडून ठेवतात आणि कवटीने बिचारीने उरलेल्या जागेत अंग चोरून बसायचं. सरांनी तिच्या हातात पेन्सिल दिली, हात कोपरातून ताठ धरायला लावला, एक डोळा मिटायला लावला. "डोळे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "वरच्या बाजूला," ती म्हणाली. "माप घे," सर म्हणाले. मापलं, तर डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर निघाले. जन्मभर आरशात पाहिलेला चेहरा, आणि त्यात डोळे कुठे असतात हेसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं, या विचाराने तिला त्या रात्री धड झोप लागली नव्हती. त्यानंतर तिला जग वेगळंच दिसू लागलं. बसथांब्यावरच्या माणसाच्या कानापासून खांद्यापर्यंतचं अंतर, आईच्या मानेचा कल, भांड्याच्या पोटावरची सावली नेमकी कुठे संपते, सगळं. हे तिला एका माणसाने दिलं होतं आणि तो माणूस आता समोर बसून, हलू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होता.

तिने कागदावर सरांचं डोकं बसवलं, मधली रेघ घेतली, भुवया, नाक. हात छान चालला होता. ओठांपाशी येऊन अडला.

शेजारच्या ईझलवर दाढी नावाचा मुलगा होता. याचंही बारसं वर्गानेच केलेलं. तो तिच्या कानाशी वाकला. "सरळ काढ गं. माणूस आधीच खचलाय. त्यांना बरं वाटलं तर राहतील ना ते."

तिने तिरक्या नजरेने त्याचा कागद पाहिला. तिथे सर आजारपणाआधीचे होते, दोन्ही कोपरे एका पातळीत. पलीकडच्या कागदावरही तेच. सगळ्या वर्गाने न बोलता सरांना बरं करून टाकलं होतं. तिलाही तेच करायचं होतं, अगदी मनापासून. तिने सरळ ओठ काढला. मग सवयीने हात ताठ झाला, डोळा मिटला आणि पेन्सिल सरांच्या चेहऱ्यावर आडवी धरली गेली. कोपरा पेन्सिलीच्या कितीतरी खाली होता. तिने ओठ खोडला. पुन्हा काढला, कोपरा थोडा उतरवून. अजून खाली न्यायला हात धजेना. एवढं पुरे, तिने स्वतःला समजावलं.

सर उठले. काठी टेकत एकेका ईझलपाशी थांबू लागले. दाढीच्या कागदाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "छान."

दाढीचा चेहरा खुलला. खोडरबरची पेन्सिल मात्र थांबली. सरांच्या तोंडी हा शब्द तिने आजवर एकदाच ऐकला होता. कुणी पाहुणा आपल्या नातवाची चित्रं घेऊन आला होता, तेव्हा. विद्यार्थ्याला सर कधी छान म्हणत नसत. विद्यार्थ्याची ते चूक काढत. पुढच्या ईझलवर "छान." त्याच्या पुढच्यावर "छान." दरवेळी आवाज थोडा आणखी खाली जात होता. दाराशी काकू उठल्या आणि त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

सर तिच्या कागदासमोर येऊन उभे राहिले. तिला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. आपण यांचं व्यंग यांच्याच समोर मांडून ठेवलंय. ती कशीबशी म्हणाली, "सॉरी सर."

सर पुढे झाले. वाकून ओठ पाहत राहिले. मग तिच्या हातातली पेन्सिल त्यांनी काढून घेतली आणि टोकाने डाव्या कोपऱ्याखाली एक बारीक खूण केली.

"चुकलंय," ते म्हणाले. "अजून खाली. माप घे."

ती मापू लागली. सर तिच्या पाठीशी तसेच उभे राहिले, आणि काकू जवळ येऊन त्यांचा हात धरू लागल्या तेव्हा कागदावरची नजर न हलवता म्हणाले, "तू हो पुढे. मला इथे वेळ लागेल."