मुद्दाम टाकलेली भुकटी

पाचवी पट्टीही कटकन तुटली आणि तिचं डोकं फिरलं.

उंचावर काम करणाऱ्या माणसांच्या कमरपट्ट्यांची बक्कलं हा कारखाना बनवायचा, प्लास्टिकात खडूची भुकटी मिसळून. एका वेळी मिसळलेल्या प्रत्येक घाण्याच्या नमुनापट्ट्या यंत्रात तुटेपर्यंत ओढून बघणं हे तिचं काम. चांगली पट्टी आधी लांबते, मग तुटते. या लांबल्याच नाहीत. मधोमध पांढऱ्या पडल्या. भुकटीच्या कणाकणापासून प्लास्टिक सुटलं, तिथली बारीक भोकं एकमेकांना मिळाली आणि तडा आरपार गेला. भुकटी मापाबाहेर पडली होती. आणि भुकटी टाकणारा तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

तुकडे मुठीत घेऊन ती तरातरा खाली गेली.

“दादा, अक्कल गहाण टाकलीस का? यावर माणसं लोंबकळतात.”

आजूबाजूचे कामगार माना खाली घालून उभे राहिले. भावाने मिक्सर बंद केला.

“नापास झालं ना?”

“झालं. अहवालात तुझं नाव लिहिणार आहे मी.”

“लिही. दुप्पट टाकली. मुद्दाम.”

तिने तुकडे त्याच्या अंगावर फेकले. तो हलला नाही.

“सहा महिने झाले, प्लास्टिकचा खर्च वाचवायला साहेब दर महिन्याला ओंजळभर भुकटी वाढवायला सांगतात. जेमतेम पास होईल एवढीच. तुला दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, यंत्र पास म्हणतंय ना, मग तू नाक खुपसू नकोस. म्हणून आज यंत्रच नापास म्हणेल एवढी टाकली.”

म्हणाली होती ती तसं. यंत्रावरचा ताणाचा आकडाही दर महिन्याला थोडा खाली सरकत होता. तो मर्यादेत होता. तिने पाहिला होता आणि खाली सही ठोकली होती.

राग तसाच होता, पण आता तो भावावर काढता येईना. ती वर गेली. कपाटातून सहा महिन्यांचे अहवाल काढले, प्रत्येकावरच्या आपल्या सहीवर काट मारली आणि गठ्ठा साहेबांच्या टेबलावर आपटला.

साहेबांनी वरचा कागद वाचला. “एक घाणा बिघडला म्हणून एवढा तमाशा? आजचा माल फेकून देऊ, विषय संपला.”

“सहा महिन्यांचा माल परत मागवा,” ती म्हणाली. “आजचा राहू दे. तो अजून कुणाच्या कमरेला गेलेला नाही.”