तिसऱ्या मजल्यावरची रेंज

तिसऱ्या मजल्यावर, पाळण्याशेजारी उभं राहून नयनाने कॉर्डलेसचा हँडसेट कानाला लावला आणि ती थिजली. डायल टोन खणखणीत येत होता.

तिने तर अजून कशाला हात लावला नव्हता. फोनचा बेस खालीच होता, तळमजल्यावर सासूबाईंच्या खोलीत, नेहमीच्या फळीवर.

लग्नाआधी ती वायरलेस सेटच्या कारखान्यात तपासणीला होती. म्हणून तर सकाळी येलहंक्याच्या या घरातून ऑफिसला निघताना तिचा नवरा गुरुराज म्हणाला होता, "हर्षिताचे दिवस भरलेत. मस्कतहून केव्हाही फोन येईल. वरपर्यंत रेंज येईल असं स्वल्प बघ की."

लेकीचं नाव निघूनही सासूबाईंनी, राजलक्ष्मीबाईंनी, मोडता घातला होता. "कशाला ते उगीच? फोन माझ्याजवळ आहे तेच सरी, तेच बरं."

दीड वर्षापूर्वी हा मजला नवा चढवला. वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी धारवाडहून नयनाच्या भावाचा फोन आला, तेव्हा ती इथेच रांगोळी काढत बसली होती. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, साठ पानं उठली, आणि मग सासूबाई म्हणाल्या, "काल तुझ्या भावाचा फोन होता बघ. तुला द्यायला वर चढले, तर रेंजच गेली. काय म्हणत होता, कळलंच नाही."

नयनाने धारवाडला फोन लावला. वडिलांना अग्नी देऊन भाऊ नुकताच घरी आला होता.

"बाबा गेले म्हणून मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं गं," तो परत परत म्हणत राहिला.

"रेंजच गेली, तर त्या काय करणार?" नयना त्याच्यावरच तडकली होती. तेव्हापासून भावाने बोलणं टाकलं.

सुतक कानावर पडलं की लागतं. पडलंच नाही, तर पूजा अडत नाही.

पाळण्यात तिची लेक सिद्धी जागी झाली. नयनाने तिला कडेवर घेतलं. धारवाडच्या आजोबांसारखंच बसकं नाक. पोरीने एरियल मुठीत धरली आणि बोळकं पसरून हसली. नयनाने तिच्या टाळूवर ओठ टेकले, बराच वेळ.

मग ती कामाला लागली. जिन्याच्या कडेने वायर वर ओढली आणि बेस आपल्या खोलीत, लोखंडी कपाटामागे ठेवला. हँडसेट घेऊन एकेक मजला उतरली. दुसरा, स्वच्छ. पहिला, बरा. सासूबाईंच्या खोलीत नुसती खरखर. तिथे ती दोन मिनिटं उभी राहून ऐकत होती. मग हँडसेट घेऊन परत वर गेली.

"काय गं, फोन कुठे नेलास?" राजलक्ष्मीबाई जिन्याशी येऊन ओरडल्या. गुडघ्यांमुळे आताशा त्यांना पायऱ्या चढवत नसत. "हर्षिताचा आला तर?"

नयना कठड्यावरून वाकली. आवाज अगदी मऊ ठेवला.

"वर छान रेंज येते की, आत्याबाई. पहिल्यापासून येत होती. तुम्ही काळजी करू नका. हर्षिताचा फोन आला की मी सांगेन ना तुम्हाला. दुसऱ्या दिवशी. पानं उठल्यावर."