छपरावरून

दान्यूब नदीपलीकडच्या लढाईत औलुस पडल्याचा निरोप आला, तेव्हा त्याच्या आईनं, तर्तियानं, देहावाचूनच त्याचं क्रियाकर्म उरकलं. पण आईचं मन कुठं ऐकतंय! आम्हा रोमन लोकांत रीत अशी, की ज्याचं क्रियाकर्म झालं तो जिवंत परतला, तरी त्यानं उंबरठा ओलांडायचा नाही, छपरातून आत उतरायचं. म्हणून चौकावर छप्पर उघडं असतं तिथं बाईनं दोन वर्षं शिडी लावून ठेवली होती. शेजारची पेत्रोनिया म्हणायची, "अगं, चोरांना आवतण देतेस की काय!"

सम्राटाच्या विजयाच्या माळा गावात लागल्या, त्याच आठवड्यात दारावर थाप पडली.

"आई, पलटणीतून आलोय. दार उघडा."

आवाज जरा जाड वाटला, पण एवढ्या वर्षांत पोराचा आवाज बदलणारच. तर्तिया आतून ओरडली, "दारातून नको रे माझ्या राजा! भिंतीवरून छपरावर चढ, आत शिडी लावलीय!"

थोड्या वेळानं कौलं वाजली, आणि एका हातानं छातीशी काहीतरी कवटाळून एक परका शिपाई शिडीवरून खाली उतरला.

"तू कोण रे?"

"औलुसचा सोबती. आई, तुम्ही म्हणालात, तसंच आणलंय त्याला." त्यानं राखेचं लहानसं मडकं तिच्या ओंजळीत ठेवलं.

तर्तियानं ते पोटाशी धरलं.

"किती वाळलास रे, बाळा!"