माणशी दोन वासे
संस्थान विलीन झालं आणि लाकडासाठी राजाची चिठ्ठी चालेनाशी झाली. मोखाड्यात घराचा मोडका वासा बदलायचा तरी सरकारी अर्ज आला. "माणशी दोन वासे," जंगलखात्याचा माघ्या म्हणाला. "घरातली समदी नावं लिव, मास्तर." कराचीहून येऊन पडक्या घरात एकटेच राहणाऱ्या मास्तरांनी स्वतःचं नाव लिहिलं. टाक थबकला. मग खाली बायकोचं लिहिलं, त्याखाली मुलीचं. पुढचा रकाना वयाचा. येताना बोटीवर पटकीनं दोघी गेल्या, तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. त्याला तीन वर्षं उलटली. पाच लिहिलं तर ती बोटीवरच राहणार. त्यांनी आठ लिहिलं. माघ्यानं अक्षरं जुळवत अर्ज वाचला. आठवड्यानं सहा वासे आणून त्यानं स्वतःच चढवले. घाम पुसत तो उतरला. "छप्पर झालं, मास्तर. माझी चैती बी आठ वर्साची. तुझी पोर कवा येल?"