बेरी

"घे, तुला आवडते ना," म्हणत आईनं वाटी माझ्यापुढे सरकवली. तूप गाळून झालं होतं. बरणी भरली होती आणि कढईच्या तळाशी उरलेली तपकिरी बेरी वाटीत काढून तिनं वर साखर भुरभुरली होती. "आणि कणीक त्याच कढईत मळ. थेंबही वाया जाता कामा नये."

आई माझ्याकडे राहते. रोजची साय मी साठवते, विरजण मी लावते, ताक घुसळून लोणी मीच कढवते. बरणी न्यायला दादा येतो. लहानपणीही तूप त्याच्या भातावर पडायचं आणि बेरी माझ्या तळहातावर.

दादा आला. झाकण उघडून त्यानं वास घेतला. "आई, तुझ्या हातच्या तुपाला तोड नाही!"

आई हसली.

बरणी पिशवीत ठेवता ठेवता मी म्हणाले, "या खेपेला आईलाही ने ना. चार दिवस तरी."

दादा चपला शोधायला लागला. "अगं, आमच्याकडे जागा कुठंय?"

नव्या घराची गेस्टरूम त्यानंच मला कौतुकानं दाखवली होती.

"त्याला कशाला अडचणीत टाकतेस?" आई माझ्यावरच खेकसली. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू काळजी करू नकोस रे. हिला आवडतं माझं करायला."

बरणी गेली. ओट्यावर बेरीची वाटी तशीच होती. मला बेरी आवडते, हेही पहिल्यांदा आईच म्हणाली होती.