पहिली रांग

नाताळची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली की अख्खी मुंबई मुरुडला धावते आणि विनिता आपल्या लॉजच्या स्वयंपाकघरात मासे तळत बसते. यंदा मात्र नाटकाची जाहिरात फ्रिजवर चिकटवून तिने नवऱ्याला बजावलं, "सुजित, या वेळी आपण मुंबईला जायचं. आणि नाटक बघायचं, तेही पहिल्या रांगेत बसून!"

सासू येसूबाई हसल्या. "जावा गो खुशाल. पावन्यांचं मी बघते."

नवी साडी सावरत विनिता मांडव्याहून बोटीने नवऱ्याबरोबर मुंबईला पोचली. नाट्यगृहाच्या दारात पाटी लटकत होती: 'प्रमुख कलाकार तापाने आजारी असल्यामुळे आजचा प्रयोग रद्द.'

तिचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात येसूबाईंचा फोन आला.



"विनिता, फ्रिजवरचा तुजा तो हिरो आपल्या झोपाळ्यावर बसलाय गो! मगाशी फोनवर असा कन्हला, असा खोकला, की मी बिचाऱ्यासाठी काढा उकळाया ठेवला. तर फोन ठेवून मला म्हनतो, 'मावशी, काढा राहू द्या, अजून एक सुरमई आणा!'"